‘शेरलॉक ज्युनियर’ आणि पुढचे आधीच पाहणारे डोळे

मूकपटांतला विनोद म्हणजे नुसती धडपड, तो त्या काळच्या भोळ्या प्रेक्षकांपुरता ठीक होता, असे मत चांगली शिकलीसवरलेली माणसेही बिनदिक्कत ठोकून देतात. बस्टर कीटन या अमेरिकी विनोदवीराचा १९२४ सालचा ‘शेरलॉक ज्युनियर’ हा गुप्तहेरपट या मताची पंचाईत करतो. जेमतेम पाऊण तासाचा हा चित्रपट शंभरी उलटल्यावरही हसवतो, आणि विशेष म्हणजे पाठ झाल्यावरही हसवतो. तोंडी सांगितलेला विनोद दुसऱ्यांदा ऐकला की शिळा लागतो. मग पुढे काय होणार हे पक्के ठाऊक असताना माणूस पडताना पाहून पुन्हा हसू का यावे?

कथा साधी आहे. सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवणारा आणि तिथलाच केर काढणारा एक तरुण गुप्तहेर होण्याचे पुस्तक वाचत असतो. प्रेयसीच्या वडिलांचे घड्याळ चोरल्याचा आळ त्याच्यावरच येतो, त्याचा तपास फसतो, आणि प्रोजेक्टरशेजारी डुलकी लागून तो स्वप्नात समोरच्या पडद्यावरच्या चित्रपटात शिरतो. तिथली दृश्ये एकामागून एक बदलत जातात, हा मात्र आहे तिथेच आणि आहे तसाच राहतो. बागेतल्या बाकावर बसायला जातो तोच बाक नाहीसा होऊन रहदारीचा रस्ता येतो आणि तो जमिनीवर आपटतो; चालू लागतो तर पुढच्याच पावलाला कडा; आणि समुद्रातल्या खडकावरून सूर मारतो तो पाय वर करून बर्फाच्या ढिगात रुततो.

ही किमया कॅमेऱ्यातल्या कोणत्याही जादूची नाही. जागा बदलली की कॅमेऱ्यापासून कीटनचे अंतर आणि चौकटीतले त्याचे स्थान जमीनमोजणीच्या उपकरणांनी मोजून तंतोतंत पूर्वीसारखे ठेवले गेले. एवढी काटेकोर मोजणी कशासाठी, याचे उत्तर आपल्या दृष्टीच्या रचनेत आहे. आपले डोळे सेकंदाला साधारण तीनदा एका बिंदूवरून दुसऱ्यावर उडी घेतात आणि त्या उडीच्या क्षणी मेंदू दृष्टी मंद करतो, म्हणून जग हलल्यासारखे वाटत नाही. चित्रपटातला नेहमीचा कट, म्हणजे एक दृश्य तुटून एकदम दुसरे सुरू होणे, आपण सहज पचवतो याचे एक कारण ही सवय असावी. परंतु कटनंतर नट पूर्वीच्याच ठिकाणी असेल तर नजरेला उडी घ्यावीच लागत नाही. डॅनियल काहनमन, ॲन ट्रीझमन आणि ब्रायन गिब्ज या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ साली मांडले की मेंदू नजरेतल्या प्रत्येक वस्तूची जणू एक ‘फाइल’ उघडतो, आणि ती वस्तू तीच आहे की नाही हे प्रामुख्याने रंगरूपावरून नव्हे, तर स्थान आणि काळ यांच्या सलगतेवरून ठरवतो. कीटनची फाइल त्यामुळे उघडीच राहते, आणि माणूस तोच पण जग दुसरे, हा निष्कर्ष विचार करण्यापूर्वीच आपल्या हाती पडतो.

माझ्या मते खरी गंमत याच्या पुढची आहे. डोळ्यांत शिरलेला प्रकाश मेंदूत चित्र म्हणून उमटेपर्यंत सुमारे एक दशांश सेकंद जातो. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू तेवढ्या वेळात जवळजवळ चार मीटर पुढे सरकतो. म्हणजे मेंदूने केवळ दिसेल त्यावर भिस्त ठेवली असती, तर कोणत्याही फलंदाजाची बॅट वेळेवर खाली आली नसती. हलणारी वस्तू पुढे कुठे असेल याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो. जेनिफर फ्रेड आणि रोनाल्ड फिंकी यांनी १९८४ साली टप्प्याटप्प्याने फिरत जाणारा आयत दाखवून लोकांना त्याची शेवटची स्थिती आठवायला सांगितली, तेव्हा आयत प्रत्यक्षात जिथे थांबला होता त्याच्या थोडा पुढे लोकांना तो आठवला. ही चूक समजावून सांगितली तरी ती कमी होते, नाहीशी होत नाही. सारख्या लांबीच्या दोन रेघांच्या टोकांना उलटसुलट बाण काढले, तर पट्टीने मोजून खात्री केल्यावरही त्या लहानमोठ्या दिसतात, त्यातलाच हा प्रकार आहे: वरच्या मजल्यावरचे ज्ञान खालच्या यंत्रणेपर्यंत पुरते पोहोचत नाही.

आता बाकाचा प्रसंग पुन्हा पाहावा. कीटनचे गुडघे वाकले, वजन मागे गेले, की आपल्या दृष्टीच्या हिशेबात तो बसलेला असतो. जिना संपल्यावर आणखी एक पायरी आहे असे समजून टाकलेले पाऊल जसे दचकवते, तसा हा हिशेब चुकतो, आणि कथा पाठ असली तरी चुकतोच. ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यावर येते तेव्हा हसू फुटते, असे जर्मन तत्त्वज्ञ कांट १७९० साली म्हणाला होता. मात्र त्यासाठी इजा झालेली दिसता कामा नये. कीटन मालगाडीच्या टपावरून धावत येऊन पाण्याच्या टाकीच्या नळाची दोरी पकडतो, पाण्याचा लोंढा त्याला रुळांवर फेकतो, आणि तो उठून पळत सुटतो, म्हणून आपण हसतो. त्या पडण्यात त्याच्या मानेचे हाड खरोखर मोडले होते, हे कित्येक वर्षांनी क्ष-किरण तपासणीत कळले.

हसण्याने रोग बरे होतात असे सांगणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच करावीशी वाटते. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबर यांच्या गटाने २०११ साली दाखवले ते एवढेच, की इतरांबरोबर खळखळून हसल्यानंतर वेदना सहन करण्याची क्षमता काही काळ वाढते. सकाळी बागेत जमून हसण्यात आनंद आहे आणि तो कोणी सोडू नये. मधुमेहाची गोळी मात्र त्यासाठी थांबवू नये.

त्या प्रयोगातला ‘इतरांबरोबर’ हा भाग ‘शेरलॉक ज्युनियर’लाही लागू पडतो. हसण्याचा अभ्यास करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या नोंदींप्रमाणे माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो. आज हा चित्रपट बहुधा एकट्याने आणि मोबाइलवर पाहिला जातो, त्यामुळे ही साथ जाते. शिवाय तळहाताएवढ्या पडद्यावर नट कुठेही असला तरी नजरेला फारसे हलावे लागत नसल्याने त्या काटेकोर मोजणीचे कामही बरेचसे वाया जाते. तो दृश्यबदलाचा भाग तरी शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर पाहावा.