उबदार समुद्रात सॅल्मनची पिल्ले भराभर वाढतात का?
पाणी जितके उबदार तितकी सॅल्मनची पिल्ले जोमाने वाढतात, हा जुना समज अर्धवट खरा आहे. तापमानाबरोबर माशाचा चयापचय वाढतो, म्हणजे नुसत्या जगण्याचा खर्चही वाढतो आणि पुरेसे अन्न नसेल तर वाढीसाठी काहीच उरत नाही. ब्रेट या कॅनेडियन शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९६९ मध्ये सॉकाय जातीच्या पिल्लांबाबत दाखवले की, पोटभर खाद्य असताना वाढ सुमारे १५ अंश सेल्सिअसला सर्वाधिक होते. खाद्य घटवताच हे अनुकूल तापमान बरेच खाली येते. समुद्रात तर अडचण दुहेरी आहे, आणि उबेचे गुणगान करणारे नेमके हेच विसरतात: ईशान्य पॅसिफिकमधील २०१४ ते २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत अमेरिकेतील ओरेगॉनच्या किनाऱ्यालगत चरबीयुक्त उत्तरी कोपेपॉडांची (पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या कवचधारी जीवांची) जागा निकस दक्षिणी जातींनी घेतली, त्यामुळे त्यांच्यावर पोसल्या जाणाऱ्या, पिल्लांच्या भक्ष्याचाही कस उतरण्याचा धोका निर्माण झाला.