देवीला मुलगी सोडण्याची प्रथा आणि तिची मोडलेली साखळी

सौंदत्तीची (जि. बेळगाव) यल्लम्मा अर्थात रेणुका हिच्या नावाने मुलगी वाहण्याची प्रथा उत्तर कर्नाटक आणि त्याला लागून असलेल्या कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांत चालत आली. अशा मुलीला जोगतीण किंवा देवदासी म्हणतात. जेजुरीच्या खंडोबाला वाहिलेली ती मुरळी. सोडलेल्या मुली बहुतांशी दलित कुटुंबांतल्या.

गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचे ‘दर्शन’ बांधले की मुलीचे लग्न देवीशी लागले असे मानत. मग हाती परडी येई, मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागणे येई. वयात आल्यावर एखाद्या पुरुषाशी ‘झुलवा’, म्हणजे लग्नाविना संबंध, लावला जाई. त्या पुरुषावर ना पोटगीचे बंधन, ना मुलांना नाव देण्याचे. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला जोगतिणी बांगड्या फोडत आणि माघातल्या पुनवेला पुन्हा भरत.

हे सगळे भोळ्या श्रद्धेपायी घडले, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. मुलगा नसलेल्या घरात सोडलेली मुलगी माहेरीच राही, म्हाताऱ्या आईबापांना पोसे, वारस होई आणि बापाला अग्नीही देई. हुंडा वाचे, हे वेगळेच. तिला मुलगी झाली की प्रश्न उभा राही : बापाचे नाव नसलेल्या पोरीला करून घेणार कोण? मग आई तिलाही देवीला सोडी. आजी, आई, लेक अशी ओळ लागे ती या हिशेबाने.

हिशेबाला देवीचा कौल जोडला जाई तो जटेच्या रूपाने. केस विंचरले नाहीत, त्यात तेल आणि घाम साचला की ते गुंततात आणि त्यांचा घट्ट दोर होतो. घरात तो ‘देवीचा सांगावा’ ठरतो, त्यावर भंडारा वाहिला जातो, आणि ‘कापली तर घराचा नाश होईल’ या धाकाने कोणी कात्री लावत नाही. वाढत्या वजनाने मान दुखते, टाळूवर फोड येतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा जटा काढतात. कात्रीचे काम थोड्या वेळाचे असते, घरच्यांना राजी करायला मात्र कित्येक खेपा घालाव्या लागतात. बाईपेक्षा सासू किंवा आईच जास्त अडून बसते, कारण अनर्थ झाला तर बोल तिच्यावर येणार.

कायदे बरेच आधी आले. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९२० मध्ये या प्रथेविरुद्ध कायदा केला. मुंबई प्रांताच्या १९३४ च्या कायद्याने मुलगी वाहणे गुन्हा ठरवले आणि देवदासीचे लग्न वैध मानले. कर्नाटकाच्या १९८२ च्या कायद्यात मुलगी सोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. सोडणारा पालक किंवा नातेवाईक असेल, तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे. महाराष्ट्राचा निर्मूलन कायदा २००५ चा. यातली मेख उघड आहे : फिर्याद द्यायची ती आईविरुद्ध, आणि द्यायची लेकीने. त्यामुळे समारंभ गर्दीच्या यात्रेतून उठून घराच्या आडोशाला गेले.

साखळी खरी ढिली झाली ती बायका संघटित झाल्यावर. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. त्यामागे बाबा आढाव आणि प्रा. विठ्ठल बन्ने यांचे काम होते. पुढच्या मोर्च्यांतल्या मागण्या साध्या होत्या : पेन्शन, घर, मुलांना वसतिगृह. लेक शाळेत टिकली की तिचे वय दर्शन बांधण्यापलीकडे जाते. म्हातारपणाला पेन्शन असेल तर तिला घरी ठेवून घेण्याची गरजही उरत नाही. कर्नाटकात १९९३-९४ आणि २००७-०८ च्या सर्वेक्षणांत मिळून ४६,६६० देवदासींची नोंद झाली.

गोव्यातल्या कलावंत-भाविणींची, म्हणजे देवळाला वाहिलेल्या बायकांची, गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. तिथे समाजानेच एकत्र येऊन गोमंतक मराठा समाज हे नाव घेतले, शिक्षणावर भर दिला आणि मुलींची लग्ने लावली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर याच समाजातले. यल्लम्माच्या जोगतिणींपाशी मात्र ना देवळाचे उत्पन्न होते, ना गाण्याबजावण्याची प्रतिष्ठा.

शाळेच्या दाखल्यावरचा बापाच्या नावाचा रकाना हा शेवटपर्यंतचा काटा. तिथे बहुधा आजोबांचे किंवा आईचे नाव लिहिले जाई. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचे नाव लावले जाते. कर्नाटकाने २०२५ मध्ये आणलेल्या नव्या कायद्यात देवदासींच्या मुलांना पितृत्व ठरवून घेण्याचा हक्क दिला आहे.