झेनॉन बल्ब बसवला म्हणजे झेनॉन हेडलाइट झाला?

इंदुरात गाडीचा उजेड जरा पांढरा दिसला की झालं, ‘झेनॉन आहे!’ निळा थर दिलेला हॅलोजन बल्बही याच नावाने खपतो, आणि तो थर उलट उजेड खातो. कंपनीतून येणारा झेनॉन साधारण ४३०० केल्विनचा (उजेडाचा रंग या मापात सांगतात), म्हणजे पांढराच. निळ्याचं वेड इथेच सोडू.

हॅलोजनमध्ये तार तापते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. झेनॉनमध्ये तारच नाही. क्वार्ट्झच्या इवल्याशा कुपीत झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार असतात. वीस हजार व्होल्टच्याही वरचा झटका देऊन दोन टोकांमध्ये ठिणगी पेटवायची आणि मग बॅलास्टने ती आवरून धरायची, ट्यूबलाइटच्या चोकसारखी. ३५ वॉटमध्ये सुमारे ३००० ल्यूमेन उजेड मिळतो (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप). एच७ जातीचा ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब १५०० च्या आसपास देतो.

लोक फसतात ते पुढे. हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नव्हे, त्यामागचा आरसाही. एच४ जातीच्या हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या, म्हणजे खाली पडणाऱ्या जवळच्या उजेडाच्या, तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडून वर उसळला असता तो उजेड ती अडवते. आरशाचा बाक त्या तारेच्या नेमक्या जागेवरून ठरवलेला असतो. तिथे तारेऐवजी ठिणगी आणून बसवली, की आकार वेगळा, उजेड दुप्पट आणि हिशेब कोलमडलेला. खऱ्या झेनॉन दिव्यात बहुधा प्रोजेक्टर असतो: पुढे भिंग, आत उजेड कापणारा पडदा.

सुदामानगरात आमच्या मेहुण्याने झेनॉन किट बसवलं, म्हणजे जुन्याच हेडलाइटमध्ये झेनॉन बल्ब आणि बॅलास्ट. गाडी भिंतीसमोर लावून डिपर दिला. आधी भिंतीवर स्वच्छ रेघ पडायची, डावीकडे जराशी चढलेली. आता रेघ गायब, आणि वरच्या गच्चीत वाळत घातलेल्या साड्यांचे काठसुद्धा मोजता येत होते. भेरूघाटाच्या वळणावर समोरच्याच्या डोळ्यांत हेच जातं.

किटवाला म्हणाला, “भिया, थोडा नीचे कर देते हैं.” स्क्रू फिरवून उजेड खाली येतो, पण विखुरलेला तो विखुरलेलाच राहतो. शिवाय आपलाच पुढचा रस्ता तोकडा होतो.

पैसे असतील तर प्रोजेक्टरसकट, लेव्हलिंगसकट (उजेडाची उंची जुळवणारी सोय) बसवा. नसतील तर साधा एच४ घाला आणि हेडलाइटची पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या. मेहुण्याला मी हेच सांगितलंय. किट अजून गाडीतच आहे.