उशाशी जागे असणारे डॉक्टर

माझी आत्या करवीर तालुक्यातल्या एका गावात राहते. पहाटे साडेचारला उठून चार म्हशींची धार काढायची, दूध डेअरीला घालायचे आणि मग उसाच्या भांगलणीला जायचे, हा तिचा कित्येक वर्षांचा क्रम आहे. पित्ताशयात खडे झाले असून दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावी लागेल, असे कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा पोटावर पडणाऱ्या छिद्रांचे तिला काहीच वाटले नाही. तिला भीती वाटली ती भुलीची. "पोट फाडू देत, पण झोपवल्यावर जाग आलीच नाही तर?" हा तिचा प्रश्न होता आणि घरातल्या प्रत्येकाने त्याला "काही होत नाही गं" एवढेच उत्तर दिले. त्या उत्तराने तिची भीती तसूभरही कमी झाली नाही, कारण त्यात माहिती काहीच नव्हती.

ही भीती वेडगळ नाही. ज्या सर्जनकडे आपण जातो त्यांना आपण निवडलेले असते, त्यांच्याशी दोन-तीनदा बोललेलो असतो. भूलतज्ज्ञांचे तसे नसते. आपल्याकडे अनेक लहान रुग्णालयांत ते बाहेरून येतात आणि एकाच दिवसात दोन-तीन ठिकाणी काम करतात. गडहिंग्लज, राधानगरी किंवा घाटाखालून कोल्हापुरात आलेल्या रुग्णाची त्यांच्याशी पहिली भेट कधीकधी थेट ऑपरेशन थिएटरच्या दारात होते. ज्या व्यक्तीच्या हाती आपला श्वास सोपवायचा, तिचा चेहराही आदल्या रात्रीपर्यंत पाहिलेला नसेल, तर झोप उडणारच.

अमेरिकेत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून एका रुग्णाच्या मानेवरील गाठीची शस्त्रक्रिया वेदनेविना होऊ शकते, हे सर्वांसमक्ष दाखवले. भुलीचा इतिहास सांगताना ही तारीख हमखास येते. त्याच शहरात ११७ वर्षांनी झालेले एक काम मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि मला ते तितकेच मोलाचे वाटते. भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये एक साधी तुलना केली. काही रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी पेंटोबार्बिटल हे गुंगीचे औषध दिले, तर काहींना भूलतज्ज्ञांनी आधी भेटून पुढे काय काय होणार आहे ते समजावून सांगितले. औषध घेतलेले रुग्ण पेंगुळले, पण त्यांच्या मनातली धास्ती तशीच राहिली. ज्यांच्याशी कोणी बोलले होते, ते शांत होते. पुढच्याच वर्षी त्यांनी पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर कुठे आणि का दुखेल, कूस कशी बदलावी, दीर्घ श्वास कसा घ्यावा, हे ज्यांना सांगितले होते, त्यांना वेदनाशामक मॉर्फिनसारखी औषधे जवळपास निम्मीच लागली, आणि ते सरासरी २.७ दिवस लवकर घरी गेले. बोलणे हे औषधाइतके काम करते, याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही.

म्हणून आम्ही रुग्णालयात फोन करून, भूलतज्ज्ञांशी दहा मिनिटे आधी बोलता येईल का, असे विचारले. त्या डॉक्टर बाईंनी आत्याला बसवून घेतले, तिचा प्रश्न पूर्ण ऐकला आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही झोपल्यावर मी उठून जात नाही. ऑपरेशन संपून तुम्ही डोळे उघडेपर्यंत मी तुमच्या उशाशीच असते."

भूल म्हणजे एकदा टोचलेले आणि मग आपोआप उतरणारे इंजेक्शन, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात सुरुवातीला शिरेतून दिले जाणारे प्रोपोफोल हे दुधासारखे पांढरे औषध हातातून मेंदूपर्यंत पोहोचून अर्ध्या-पाऊण मिनिटात शुद्ध हरपवते, पण त्या एका मात्रेचा परिणाम पाच-दहा मिनिटांतच ओसरू लागतो. पुढचा तास-दीड तास माणूस भुलीत राहतो, तो भूलतज्ज्ञ सेवोफ्लुरेनसारखा वायू किंवा शिरेतून औषध सतत देत राहतात म्हणून. तो वायू बंद केला की त्याचा बहुतांश भाग श्वासावाटेच बाहेर पडतो आणि मेंदू भानावर येऊ लागतो. आत्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर यातच आहे: जागे होण्याकडेच शरीराचा कल असतो, आणि तुम्हाला भुलीत ठेवण्यासाठी कोणाला तरी क्षणोक्षणी काम करावे लागते.

हे काम कसे चालते? दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवतात. त्यासाठी स्नायू सैल करणारे औषध देतात, घशातून श्वासनलिकेत नळी घालतात आणि श्वास यंत्राच्या साह्याने चालवतात. ही नळी शुद्ध हरपल्यावर घातली जाते आणि बहुतेकांना ती आठवतही नाही. छातीवरच्या पट्ट्या हृदयाचे ठोके दाखवतात, दंडावरचा पट्टा ठरावीक मिनिटांनी रक्तदाब मोजतो आणि नळीला जोडलेले उपकरण प्रत्येक उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजते. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही तिथे असतो. जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात त्यामागचे तत्त्व शोधले. थिएटरमधल्या यंत्राची खुबी अशी की रक्तातला ऑक्सिजन घटू लागला की त्याच्या टिकटिकीचा सूर खाली उतरतो. म्हणजे भूलतज्ज्ञ पाठमोरे उभे असले तरी बदल त्यांना ऐकू येतो.

"मध्येच जाग आली तर?" हा आत्याचा दुसरा प्रश्न. स्नायू सैल करणाऱ्या औषधाने झोप येत नाही, त्यामुळे भूल कमी पडली तर रुग्णाला हालचाल करून सांगता येत नाही, ही शंका योग्यच आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, असे भान राहिल्याची तक्रार सुमारे १९,००० भुलींमागे एक एवढी आढळली. तातडीच्या सिझेरियनसारख्या प्रसंगी हा धोका अधिक असतो. उच्छ्वासातल्या भुलीच्या वायूचे प्रमाण सतत मोजले जाते, ते यासाठीच. मृत्यूच्या भीतीबद्दलही आकड्यांतच बोलावे. अमेरिकेतील दहा रुग्णालयांत १९४८ ते १९५२ या काळात भुलीशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण सुमारे दीड हजारांत एक होते; आज निरोगी माणसाच्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत केवळ भुलीमुळे होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण प्रगत देशांत साधारणपणे एक लाखात एक सांगितले जाते. हृदय, फुप्फुसे किंवा मूत्रपिंड आधीच थकलेले असेल तर धोका वाढतो, आणि तो किती, हे त्या रुग्णाला तपासणारे भूलतज्ज्ञच सांगू शकतात.

रुग्णानेही त्यांना सारे काही सांगायला हवे. दमा, घोरणे, हलणारा दात किंवा कवळी, रक्त पातळ करणाऱ्या व मधुमेहाच्या गोळ्या, वैद्याकडचा काढा, आणि घरात कोणाला भुलीचा त्रास झाला असल्यास तोही. आत्या मिश्री लावते, हे तिने सुनेसमोर कबूल केले नसते. डॉक्टर बाईंनी एकटीला विचारल्यावर सांगितले. तंबाखूतल्या निकोटिनने नाडी आणि रक्तदाब वाढतो, म्हणून हे लपवणे बरे नव्हे. उपाशी राहण्याचा नियमही कारण कळले की जाचक वाटत नाही. भुलीत घशाची राखण करणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया थंडावतात आणि जठरातले अन्न फुप्फुसात जाऊ शकते. हलक्या जेवणानंतर सहा तास, मटणासारख्या जड जेवणानंतर आठ तास थांबायचे. साधे पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते, तरी आपल्या डॉक्टरांनी दिलेली वेळच पाळावी. दूध पातळ दिसले तरी जठरातल्या आम्लाने त्याच्या गुठळ्या होतात, त्यामुळे ते जेवणातच मोजतात. जिच्या घरात दिवस दुधानेच उजाडतो, तिला हे एका वाक्यात पटले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आत्याने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "सुरू कधी करणार?" रात्रीच्या झोपेतून उठल्यावर किती वेळ गेला याचा आपल्याला अंदाज असतो, भुलीत मेंदूच्या भागांचा आपसातला संवादच विस्कळीत होतो, आणि तो काळ जणू वजा झालेला असतो. नंतर तिला थंडी वाजून आली, थोडे मळमळले आणि दोन दिवस घसा खवखवत होता. भेटायला आलेल्या शेजारणीने काळजीने विचारले तेव्हा ती म्हणाली, "नळी घातली होती नव्हं, त्याचं हाय. बाईंनी आधीच सांगितलं होतं."