म्हातारपणी हिंडतं-फिरतं राहणं (कोकणातल्या रोजच्या सवयी)

साठीच्या पुढे माणूस रोज काय खातो, किती चालतो, कसा उठतो-बसतो, गोळ्या वेळेवर घेतो का आणि दिवसभरात किती जणांशी बोलतो, या सगळ्यावर म्हातारपणातली तब्येत ठरते, आणि या नोंदीत त्यातल्या कोकण किनाऱ्यावरच्या सवयी आहेत. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात ६० वर्षांचा माणूस ज्येष्ठ धरलाय, पण इथे वय कोणी कागदावर बघत नाही. घरं डोंगराच्या उतारावर, रस्ता खाली, आणि मधे जांभ्या चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. ती उतरून परत वर येता येतंय तोवर माणूस हिंडता-फिरता, ते थांबलं की "काका बसले" एवढं बोलतात आणि सगळ्या वाडीला काय ते कळतं. माझी आजी ऐंशीच्या पुढेही दुपारी आडवी व्हायची नाही, का विचारलं तर म्हणायची, "एकदा बसलंय की बसानच रवतलंय" (बसूनच राहीन).

आजीचं म्हणणं तसं बरोबरच होतं. साठीनंतर मांड्या-पोटऱ्यांचा मांसल भाग दरवर्षी थोडा थोडा कमी होत जातो, आणि वापर नसेल तर फारच लवकर, म्हातारा माणूस दहा दिवस तापात पडून राहिला तरी उठताना पाय लटपटतात ते यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ६५ च्या पुढच्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं जरा दम लागेल असं चालावं किंवा काम करावं, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस तोल सांभाळायचा आणि ताकदीचा व्यायाम करावा असं आहे. जुन्या कोकणी घरात हे वेगळं करावंच लागायचं नाही. पहाटे विहिरीवरून पाणी, आगरात (नारळ-पोफळीच्या बागेत) शिंपणं, वाकून अंगण सारवणं, पातेरा (वाळकी पानं) गोळा करणं, पाटावर बसून जेवणं आणि जेवून हात न टेकता उठणं, झाला की तोलाचा व्यायाम! आता पंप आला, गॅस आला, डायनिंग टेबल आलं, आणि त्यात वाईट काही नाही, बायकांची कंबर त्या पाण्यानेच मोडायची. फक्त जे काम गेलं त्याच्या बदल्यात पायांना दुसरं काहीतरी द्यायला हवं, ते कोणी देत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणं-बसणं, दिवसातून दोनदा. गुडघे दुखत असतील तर उकिडवं बसायचा हट्ट सोडावा, कमोड लावून घ्यावा, त्यात कमीपणा कसला.

चालण्याचा विषय निघाला की दापोलीजवळच्या मुरूडमध्ये वाढलेल्या धोंडो केशव कर्व्यांचं उदाहरण हमखास येतं. पोरवयात परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला शंभरेक मैल चालत गेले, आणि तिथे वय कमी दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे १९५८ साली शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं आणि १९६२ साली १०४ वर्षांचे होऊन गेले. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे खरं, पण चालायला सांगितल्यावर तोंड वाकडं करणाऱ्या आजोबांना सांगायला बरं पडतं.

आता पडण्याबद्दल, कारण कोकणात म्हाताऱ्या माणसाला खरा धोका पावसाळ्यात घसरण्याचा. जून ते सप्टेंबर पाऊस, चिऱ्यावर हिरवंगार शेवाळ, आणि खुब्याचं हाड एकदा मोडलं की ऑपरेशन, अंथरूण, त्यातून मग छातीचा त्रास, अशी रांगच लागते. जुनी माणसं आगोटीच्या (पाऊस सुरू व्हायच्या) आधी पडवीला झडी (झावळ्यांचे पडदे) बांधायची, अंगणातून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर झावळं टाकायची, उताराला पोफळीच्या खोडाचा कठडा करायची. अजूनही हे चालतं, जोडीला उघडीप मिळाली की ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने पायऱ्या घासायच्या. शेवाळ पहिल्या पंधरा दिवसांतच घासलं तर निघतं, नंतर नुसता हात दुखतो. पण खरी गंमत घराच्या आत आहे. मुंबईचा मुलगा गणपतीच्या आधी येतो, आईवडिलांच्या सुखासाठी म्हणून न्हाणीघरात चकचकीत लादी बसवून जातो, आणि त्या लादीवर साबणाचं पाणी सांडलं की ती शेवाळाच्या वरताण. आमच्याकडे हेच झालं, आई नवीन लादीवर तिसऱ्याच दिवशी पडली, नशीब मनगटावर निभावलं. तेव्हा खरबरीत लादी घ्यावी, नळाजवळ आणि संडासात भिंतीला पकडायला स्टीलचा दांडा लावावा, तो बसवायला गवंड्याचा अर्धा दिवस पुरतो.

रात्रीचं उठणं हा दुसरा प्रकार. बऱ्याच घरांत संडास अजून परसात आहे. झोपेतून तडक उभं राहिलं की रक्तदाब खाली येऊन चक्कर येते, बीपीची गोळी चालू असेल तर जास्तच, म्हणून मिनिटभर खाटेवर पाय सोडून बसावं, बॅटरी उशाशी ठेवावी, काठी घ्यावी. काठी फुरशासाठी पण, हा छोटा विषारी साप, रत्नागिरीच्या कातळावर फुरसं चिक्कार, आणि ते चिऱ्याच्या रंगात असं मिसळतं की तरण्या डोळ्यांनाही दिसत नाही. त्यात मोतीबिंदू असेल तर विचारूच नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन "शिमगो झाल्यावर बघू" म्हणून किती वर्षं पुढे जातं याचा हिशेब प्रत्येक घरात आहे.

खाण्याच्या बाबतीत कोकणी जेवणाचं कौतुक जरा जपूनच करायला हवं. चांगलं खूप आहे. उकड्या तांदळाची पेज पचायला हलकी, आणि भात तुसासकट उकडल्यामुळे ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात, पांढऱ्या पॉलिशच्या तांदळात ती उरत नाहीत. नाचणीत १०० ग्रॅममागे ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तारली, मांदेली, मोतके काट्यासकट खाल्ले की हाडांना तेच मिळतं, शिवाय तारली-बांगड्यात ओमेगा-३ भरपूर. कुळथाच्या पिठीत प्रथिनं चांगली, १०० ग्रॅम कुळथात २२ ग्रॅमच्या घरात. घोळ होतो तो दात गेल्यावर. मग म्हातारी माणसं दोन्ही वेळ नुसती पेज आणि लोणच्याची फोड यावर भागवतात, पोट भरतं पण स्नायूंना काहीच मिळत नाही. पेजेबरोबर वाटीभर पिठी, मऊ शिजवलेला मासा किंवा अंडं हवंच, कवळी करून घेतली तर उत्तमच.

आणि मीठ! दिवसाला ५ ग्रॅमच्या खाली ठेवा म्हणतात, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ताजी मासळी बंद झाली की खारा बांगडा, सोडे, जवळा, खारातली कैरी, लोणचं, पापड. सुकी मासळी कोमट पाण्यात दोन-तीनदा भिजवून पाणी फेकून दिलं तर खारटपणा बराच उतरतो, कालवणात वरून मीठ घालूच नये. दातांना लावायच्या मिश्रीबद्दल बोललं की घरात भांडण होतं, पण ती तंबाखूच आहे, जाळली म्हणून तंबाखूची राखुंडी होत नाही. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा कितीही अभिमान असला तरी सुपारी नुसती खाल्ली तरी तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, २००४ साली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने ती थेट कॅन्सरकारक यादीत टाकली.

वय वाढलं की तहान लागल्याचं नीट कळत नाही. मे महिन्यात दमट हवेत घाम निथळत असतो आणि आजोबा "तहान नाही" म्हणत बसलेले असतात, त्यांना विचारत बसू नये, तांब्या-पेला समोर ठेवून द्यावा.

तापाच्या बाबतीत मात्र घरगुती काढ्यावर दोन दिवस काढू नयेत. लावणीच्या चिखलात उंदराच्या मुतातून आलेले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस तापाचे) जंतू असतात आणि टाचेच्या भेगांतून आत शिरतात, म्हणून गमबूट, आणि ताप-अंगदुखी आली की त्याच दिवशी आरोग्य केंद्र. दोडामार्ग-बांद्याकडे २०१६ पासून माकडताप आहे, तो गोचिडीतून येतो, काजूच्या दिवसांत रानातून आल्यावर अंग तपासून गरम पाण्याने आंघोळ करावी.

माणसांत राहणं हे औषधासारखंच. वाडीत अर्धी घरं कुलूपबंद, चाकरमानी गणपती-शिमग्याला येणार, बाकी वर्षभर दोन म्हातारी आणि टीव्ही. तिथे संध्याकाळचं देवळातलं भजन कामाला येतं, छाती भरून सूर लावायचा, टाळ वाजवायचा आणि कोण आलं नाही याची चौकशी आपोआप होते. सप्त्यात रात्रीचा पहारा (भजनाची पाळी) म्हातारे हट्टाने मागून घेतात. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ च्या पुढच्यांना राज्यात एसटी फुकट झाली, तेव्हापासून तालुक्याच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीत पुढच्या सीटवर हीच मंडळी, खरेदी असते पाव किलो मिरचीची आणि फिरणं दिवसभराचं.

गोळ्यांचं एक राहिलं. बरं वाटतंय म्हणून बीपीची किंवा साखरेची गोळी मनाने बंद करायची सवय इथे फार, आणि पावसाळ्यात त्यात दरड, बंद गाडी, गेलेली लाईट यांची भर. आमच्या शेजारच्या काकींनी यावर बरोबर उपाय काढलाय. मे अखेरीला आगोटीच्या सामानाची यादी होते, कांदे, सुकी मासळी, काड्यापेट्या, मेणबत्त्या, त्यातच खाली डॉक्टरांची चिठ्ठी पिनेने टोचलेली असते, दोन महिन्यांच्या गोळ्या, आणि त्यांचा डबा चुलीपासून लांबच्या फळीवर, जिथे ऊब आणि दमट लागत नाही तिथे, मिठाच्या बरणीशेजारी.