अध्यादेश आणि जीआर: फरक कुठे पडतो

मंत्रिमंडळाची बैठक संपते आणि बातमी फिरू लागते, 'सरकारने अध्यादेश काढला.' बहुतेक वेळा निघालेला असतो शासन निर्णय, म्हणजे जीआर. गोंधळाला कारण आहे. जीआरच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं छापलेलं असतं. पण खाली सही असते विभागातल्या उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची. राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालावा असं संविधानाचा अनुच्छेद १६६ सांगतो, म्हणून ते नाव.

अध्यादेश मात्र खुद्द राज्यपाल काढतात, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, अनुच्छेद २१३ खाली. विधानसभा आणि विधान परिषद दोन्हींचं अधिवेशन चालू असेल तर तो काढता येत नाही. एकदा निघाला की त्याचं बळ कायद्याइतकंच. पण आयुष्य थोडं: अधिवेशन भरलं की तो सभागृहांपुढे ठेवावा लागतो आणि सहा आठवड्यांत त्याची जागा कायद्याने घेतली नाही तर तो संपतो.

जुलै २०१४ मध्ये राज्याने मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिम समाजातल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण देणारे दोन अध्यादेश काढले. डिसेंबरच्या अधिवेशनात पहिल्याचा कायदा झाला. दुसऱ्याचा झाला नाही आणि तो संपला. उच्च न्यायालयाने त्यातल्या शैक्षणिक प्रवेशांच्या भागाला स्थगिती दिलेली नव्हती, तरीही तो टिकला नाही.

ही मुदत म्हणजे अध्यादेशाला घातलेला लगाम आहे, आणि तो सोडला तर काय होतं हे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले डॉ. डी. सी. वाधवा यांनी दाखवून दिलं. बिहार सरकारने १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश काढले आणि ते पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले, काही तर चौदा वर्षांपर्यंत. विधिमंडळाला विचारायचंच नाही! वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने या प्रकाराला संविधानाशी केलेली लबाडी ठरवलं. एका अभ्यासकाने चिकाटीने केलेलं हे काम प्रत्येक नागरिकाला माहीत असायला हवं.

जीआरला विधिमंडळाची मंजुरी लागत नाही आणि सहा आठवड्यांची मुदतही नसते. सरकारला वाटेल तेव्हा तो निघतो, वाटेल तेव्हा रद्द होतो. पहिलीपासून हिंदीचे १६ एप्रिल आणि १७ जून २०२५ चे जीआर जूनअखेरीस, पावसाळी अधिवेशनाच्या तोंडावर, सरकारने स्वतःच मागे घेतले. त्यासाठी सभागृहात मतदान झालं नाही. मात्र जीआर कायद्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. कायदा जिथे गप्प आहे तिथेच त्याला वाव. अध्यादेश कायदाच बदलू शकतो.

हातात आलेला कागद ओळखणं सोपं आहे. अध्यादेश राजपत्राच्या भाग चारमध्ये छापला जातो आणि त्यावर वर्ष व 'महाराष्ट्र अध्यादेश क्रमांक' असतो. जीआर शासनाच्या संकेतस्थळावर येतो, लांबलचक संकेतांकासह. त्याचे पहिले आठ अंक तारखेचे असतात.

या दोन्हींत न बसणारा कागदही असतो. जानेवारी २०२४ मध्ये वाशीत मराठा आंदोलकांच्या हाती दिलेला 'सगेसोयरे'चा कागद अनेकांनी अध्यादेश म्हणून वाचला. ती नियमांत दुरुस्ती सुचवणारी मसुदा अधिसूचना होती, आणि तिच्यावर १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती मागवल्या होत्या.