रोटरी की रेडियल? फरक दिसतो इंजिन फिरल्यावर

जुन्या विमानाच्या नाकावर चांदणीसारखे मांडलेले सिलिंडर दिसले की आपण सरसकट 'रेडियल' म्हणून मोकळे होतो. पण विमान पहिल्या महायुद्धातलं असेल, तर ते इंजिन बहुधा रोटरी असतं. बंद अवस्थेत दोन्ही सख्खी भावंडं वाटतात.

रेडियलमध्ये सिलिंडर जागचे हलत नाहीत. आतला क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरतो आणि पंखा फिरवतो. रोटरीत सगळं उलटं. क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का बसवलेला आणि सिलिंडरांचा अख्खा घोळका पंख्यासकट गरगरणारा! फिरता फिरताच सिलिंडर वाऱ्यानं थंड होत, फिरणं एकसारखं ठेवणारं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, वेगळं लागत नसे, म्हणून वजनही कमी.

तेलाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. रोटरीत पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून आत येतं. साधं तेल पेट्रोलमध्ये विरघळून जाईल, म्हणून घालायचे चक्क एरंडेल. ते पुन्हा टाकीत येत नाही, जळक्या धुरासोबत बाहेर फेकलं जातं. वैमानिकाच्या चष्म्यावर, मफलरवर त्याचा चिकट थर बसे, थोडं पोटातही जाई. ते पोटात गेल्यावर काय होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

फिरणाऱ्या वजनाचा झटकाही मोठा. सॉपविथ कॅमल हे रोटरीवालं ब्रिटिश लढाऊ विमान उजवीकडे झर्रकन वळे, पण वळताना नाक खाली दाबे. कित्येक नवशिके त्यातच गेले. पुढे ताकद वाढवायची तर एवढं वजन फिरवणं परवडेना, आणि रेडियलचे दिवस आले. डाकोटा या जुन्या वाहतूक विमानाची दोन्ही इंजिनं रेडियलच, प्रत्येकी 14 सिलिंडरांची. 2018 साली भारतीय वायुदलाकडे आलेला 'परशुराम' डाकोटा त्यातलाच.

हा फरक चित्रात कळतो, पण पटतो तो इंजिन सुरू झाल्यावर. म्हणूनच मला कोल पेलन फार मोठा माणूस वाटतो. न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट फील्डवरचं संग्रहालय बंद झालं, तेव्हा 1951 मध्ये या मेकॅनिकनं साठवलेल्या पुंजीतून तिथली सहा जुनी विमानं घेतली. मग न्यूयॉर्क राज्यातल्याच ऱ्हाइनबेक गावाजवळ शेतजमीन घेऊन धावपट्टी केली आणि लोकांसमोर विमानं उडवायला सुरुवात केली. 1993 मध्ये तो गेला, पण ओल्ड ऱ्हाइनबेकची प्रात्यक्षिकं थांबली नाहीत.

तिथे रोटरी विमान उतरताना कान द्यावा. वेग कमी करायला वैमानिक बटण दाबून पेट्रोल पेटवणारी ठिणगी तोडतो, सोडतो, पुन्हा तोडतो. आवाज तुटक तुटक येतो: भर्र… शांतता… भर्र…